खुशाली

लालासाहेबांनी पेन्सिल दाबून कवितेतल्या दोन ओळी खोडल्या.

पाटणच्या अभ्यासकेंद्रातला रविवारचा वर्ग होता. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या लालासाहेबांनी बावन्नाव्या वर्षी बी.ए.ला नाव घातलं होतं. इतिहास त्यांनी सहज सर केला; गाडी अडली ती कवितेपाशी. कवितेतली बाई वाटसरूला तीनदा सांगत होती, 'दार उघडंच आहे.' फौजेत हुकूम एकदाच द्यायचा असतो.

त्यांच्या मुलीच्या वयाच्या वल्लरी मॅडम बाकाशी थांबल्या.

"खोडलंत का?"

"तेच तेच हाय, मॅडम. एका ओळीत भागतंय."

"मग तिनं तीनदा का सांगितलं?"

"वाटसरू बहिरा आसंल."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "असेल. पण तसं कवितेत कुठं दिसतं, ते दाखवा."

लालासाहेब इरेला पेटले. बोट ठेवून एकेक शब्द वाचत खाली आले आणि सातव्या ओळीवर थबकले. बाईचा हात कडीवर होता.

"मॅडम, ही घाबरलीया. खरंच उघडं आसतं तर एकदा सांगून भागलं आसतं."

"हेच लिहा," मॅडम म्हणाल्या.

घरी येताना त्यांची मान ताठ होती. कविता म्हणजे काही अभेद्य किल्ला नव्हे! आल्या आल्या त्यांनी ट्रंक उघडली आणि ते काश्मीरला असताना बायकोनं, बनुबाईंनी धाडलेली पत्रं काढली. आता ती नव्यानं वाचायची होती. प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे' एकदाच होतं. दोन हजार दोनच्या जानेवारीतल्या पत्रात मात्र तीनदा. म्हैस, ऊस, सासूबाईंचे गुडघे, सगळं होतं. स्वतःविषयी त्यापलीकडे अक्षर नव्हतं.

बाकीची ट्रंकेत ठेवून ते हे एक पत्र घेऊन घरामागच्या परड्यात गेले. बनुबाई पावटा सोलत होत्या.

"ह्यात तीनदा खुशाल लिवलंयस. तवा काय झालं हुतं?"

बनुबाईंनी पत्राकडे पाहिलं. हातातली शेंग तशीच सुपात ठेवली.

"पोटातलं गेलं हुतं. तिसरा म्हैना हुता. तुमी तिकडं बर्फात. कळवून काय करायचं हुतं?"

लालासाहेब खाली, त्यांच्याशेजारी मातीतच बसले. त्यांनी सुपातली ती शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

दोघं सोलत राहिली.

"बाकीची पत्रं कुटं हायती?" बनुबाईंनी विचारलं.

"ट्रंकेत."

"आना," त्या म्हणाल्या. "ती बी वाचा. एकदाच खुशाल लिवलंय, ती बी."