घाटावरच्या सात बायका

देवासच्या टाकीजला ‘वचनवती’ पुन्हा लागणार, हे संताजीला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. पायजम्याचं माप देता देता ते गिऱ्हाईक म्हणालं, "भिया, ती जुनी फिलम येतेय शुक्रवारी. वीस साल झाले म्हणून फिरसे लावतायत. आमची आई लई रडली होती म्हणे ती पाहून."

संताजीच्या हातातली फीत जागच्या जागी राहिली. गिऱ्हाइकानं खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "झालं का माप?"

"झालं," संताजी म्हणाला, आणि त्यानं माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

संताजी शिंपी मूळचा धारचा. त्याच्या आजोबाचे आजोबा पवारांच्या लष्कराबरोबर देशावरून माळव्यात आले, ते तंबू आणि डगले शिवायला. पुढे लष्कर गेलं, संस्थान गेलं, शिलाई तेवढी राहिली. आता त्याचं वय पंचेचाळीस होतं. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी त्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत तो एकटा राहत होता. स्वयंपाक एकदाच करायचा, दोन वेळा जेवायचा. गल्लीतले लोक त्याला चांगला माणूस म्हणत, पण संध्याकाळी त्याच्याकडे येऊन बसावं असं कुणाला वाटत नसे.

‘वचनवती’चं आणि त्याचं नातं असं की त्या चित्रपटातले मावळ्यांचे अंगरखे त्यानं शिवले होते. छत्तीस साली पुण्याकडची एक कंपनी चित्रण करायला धारला आली. किल्ल्यात लढाई झाली, मुंज तलावाच्या पायऱ्यांवर राणीच्या वनवासाचा देखावा झाला. त्या देखाव्यात घागरी घेऊन चढणाऱ्या सात गावकरणी हव्या होत्या. चांगल्या घरची बाई तयार होईना. तेव्हा संताजीची बायको दुर्गा, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली, चुलीपुढून म्हणाली, "मी जाते की. घागर तर रोजच आणते."

सातही बायकांना एकाच रंगाची लुगडी आणि एकाच ठाणातल्या चोळ्या, असा कंपनीचा हुकूम होता. त्या सात चोळ्याही संताजीनंच शिवल्या.

पुढच्या वर्षी चित्रपट धारला लागला. मधे कनात लावून बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. घाटाचा देखावा आला तेव्हा सेनापती राणीला निरोप द्यायला पायऱ्यांवर उभा होता, आणि त्याच्या अंगरख्याला खांद्यावर एक चूण पडली होती. संताजीचं सगळं लक्ष त्या चुणीवर. बाही लावताना कुठं चुकलं, याचा तो विचार करत राहिला, तेवढ्यात देखावा संपलाही.

घरी आल्यावर दुर्गानं विचारलं, "दिसले का मी?"

"दिसलीस की."

"कशी दिसले?"

"चांगली दिसलीस."

ती हसली आणि ताट वाढायला उठली.

दोन वर्षांनी कामधंद्यासाठी दोघं देवासला आली. बेचाळीसच्या पावसाळ्यात दुर्गाला ताप भरला. अकराव्या दिवशी ती गेली. मूल नव्हतं. फोटो काढून घेऊ, काढून घेऊ म्हणत तोही राहून गेला होता. धारला तार केली, पण नद्यांना पूर होता, मोटारी बंद होत्या. तिची आई यमुनाबाई, जिला सारी आळी माई म्हणायची, चौथ्या दिवशी पोचली. दारातच ती म्हणाली, "मला तोंड तरी पाहू द्यायचं होतं." संताजीनं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणत आल्या पावली परत गेली, ती पंधरा वर्षांत देवासला फिरकली नव्हती. संताजीही धारला गेला नव्हता.

शुक्रवारी तो तीनच्या खेळाला गेला. प्रेक्षक थोडेच होते, बहुतेक म्हातारे. दरवाज्यावर गणपत होता, संताजीच्याच हातचा कोट घालणारा. चित्रपट जुना झाला होता. मधेमधे पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत, बोलणं घरघरत येई. ज्या संवादांवर धारला टाळ्या पडल्या होत्या, तिथं आता कुणीतरी खोकलं. संताजीला त्याचं काही नव्हतं. तो घाटाची वाट पाहत होता.

घाट आला. सेनापती उभा होता. संताजीनं त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. डावीकडून बायका वर चढू लागल्या. एक, दोन, तीन. सगळ्यांची लुगडी सारखी, चोळ्या सारख्या, डोक्यावर पदर. चार, पाच. कुणाचा चेहरा अर्धा, कुणाचा घागरीआड. सात बायका चढून गेल्या आणि पडदा राणीच्या आसवांनी भरला.

संताजीला दुर्गा ओळखता आली नाही.

त्याला वाटलं, फिलमच खराब आहे. शनिवारी तो पुढच्या खुर्चीवर बसला. रविवारी मागे. सोमवारी त्यानं मनाशी पक्कं केलं की तिसरी तीच. तिसरीचा चेहरा त्यातल्या त्यात स्वच्छ होता, ओठांवर हसू होतं. मंगळवारी तो फक्त तिसरीकडे बघत राहिला आणि खेळ सुटल्यावर जरा बरं वाटलं. पण खोलीवर भाकरी थापताना त्यानं डोळे मिटून दुर्गाचा चेहरा आठवून पाहिला, तर त्या तिसरीचाच चेहरा आला. त्याआधीचा कुठला होता, तो येईचना.

बुधवारी गणपत म्हणाला, "भिया, रोज रोज काय आहे त्यात? कल आखरी दिन. परवापासून नवी लागतेय."

त्या दिवशी संताजी आत गेला नाही. दुकान बंद केलं, इंदूरची मोटार धरली, तिथून धारची. दिवस मावळायच्या आत तो माईच्या दारात उभा होता.

माई सुपात गहू निवडत होती. जवळचं तिला नीट दिसत नसे, लांबचं स्पष्ट दिसे, म्हणून सूप हातभर दूर धरलं होतं. तिनं मान वर केली आणि त्याला लगेच ओळखलं.

"बसा," ती म्हणाली. आणि पुन्हा गहू निवडू लागली.

संताजीनं चित्रपटाचं सांगितलं. "उद्या शेवटचा दिवस आहे, माई. चला माझ्याबरोबर."

"मी कधी सिनेमाला गेले नाही. तेव्हाही नाही गेले."

"तेव्हाचं राहू द्या."

"काय राहू द्या?" माईनं सूप खाली ठेवलं. "जावईबापू, मी त्या गावात पाय ठेवणार नाही असं म्हटलं होतं. तुम्हीही ऐकलं होतं."

"ऐकलं होतं."

"मग कशाला आलात? तुम्ही बघितलं ना तिला? बास झालं."

संताजी जमिनीकडे बघत म्हणाला, "पाच दिवस बघतोय. मला ओळखता येत नाही, माई. सात जणींतली कुठली, ते कळत नाही. मला तिचा चेहराच आठवत नाही."

माईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं की कीव येऊन, ते त्याला समजलं नाही. ती उठली, आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "पहाटेची मोटार किती वाजता असते?"

गुरुवारी तीनच्या खेळाला गणपतनं दोघांना शेजारी बसू दिलं. बायकांच्या बाजूला माई एकटी बसणार नाही, असं संताजीनं सांगितलं, आणि टाकीज अर्धंही भरलेलं नव्हतं. दिवे गेले तशी माईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. लढाईत घोडे अंगावर आले तेव्हा ती मागे सरली.

"आता घाट येईल," संताजी कुजबुजला. "ती तिसरी बघा. तिसरीच ना?"

बायका चढू लागल्या. तिसरी आली, हसली, गेली.

"छे," माई म्हणाली. "ती कुणा दुसरीची लेक आहे."

आणि लगेच तिनं त्याचं मनगट पकडलं. "ती. ती शेवटची."

संताजी तिसरी गेली तिकडेच बघत राहिला होता. त्यानं नजर वळवली तोवर पडद्यावर राणीचे डोळे आले होते.

खेळ सुटला. बाहेर ऊन होतं. माई पायरीवर बसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. संताजीनं समोरून चहा आणला. पंधरा वर्षांत माईनं त्याच्या हातून पहिल्यांदाच काही घेतलं.

"कशावरून ती?" त्यानं विचारलं. "तिचं तर तोंडही दिसत नाही."

"तोंड कशाला हवं? पाच वर्षांची असताना चिंचेवरून पडली. उजवा हात हाडवैद्यानं वाकडा बसवला. तेव्हापासून वजन उजवीकडे घेतलं की चार पावलांत डावीकडे घेणार. तिथंही घेतलं की."

आठ वर्षांच्या संसारात त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, पण ध्यानात घेतलं नव्हतं.

"मी खोटं बोललो होतो तिच्याशी," तो म्हणाला. "तेव्हा धारला दिसलीस म्हणालो. पाहिलीच नव्हती."

"ठाऊक होतं तिला," माई चहा फुंकत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली होती. म्हणाली, ह्यांनी मला नाही पाहिलं, अंगरखाच बघत बसले असणार. आणि हसत सुटली. राग नव्हता तिला."

सहाचा खेळ शेवटचा होता. दोघं पुन्हा आत जाऊन बसली. या वेळी संताजी पहिल्या सहांकडे बघितल्यासारखं करून सातवीची वाट बघत राहिला. ती आली. बारीक, पाठमोरी, पदर घट्ट खोवलेला. चार पायऱ्या चढली आणि घागर उजव्या कमरेवरून डाव्या कमरेवर घेतली. एवढ्यानं तिचा खांदा वळला, मान किंचित मागे आली आणि गालाची एक कड उजेडात चमकली. ती मागे, पायऱ्यांखाली, कुणाकडे तरी बघत होती. मग वर गेली.

संताजीला नक्की आठवत होतं, त्या दिवशी तो घाटावर नव्हता. किल्ल्यातल्या तंबूत बसून अंगरख्यांना इस्त्री करत होता. ती कुणाकडे बघत होती? कदाचित कुणाकडेच नाही, कदाचित नुसतं पाण्याकडे. हे आता विचारायचं कुणाला?

त्यानं माईला विचारलं नाही. माई अंधारात अगदी हळू रडत होती.

ती रात्र माई त्याच्या खोलीत झोपली आणि तो दुकानात, यंत्राशेजारी. सकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, "ती जागा दाखवा मला."

कुठली, हे त्यानं विचारलं नाही. दोघं मसणवटीत गेली. त्या दिवसानंतर संताजी इथं आलाच नव्हता. आता कुंपण झालं होतं, नवी शेड उभी होती, कडुनिंब तोडलेले होते. तो इकडे गेला, तिकडे गेला, एका ठिकाणी थांबला, पुन्हा दोन पावलं मागे आला.

"इथं असेल," तो म्हणाला. "नक्की सांगता येत नाही, माई."

"असू दे." माई त्याच जागी खाली बसली. तिनं मातीवर हात ठेवला. संताजी थोडं अंतर राखून उभा राहिला. जवळ जावं की नाही हे त्याला ठरवता येईना, आणि माईनं त्याला बोलावलं नाही. बऱ्याच वेळानं ती उठू लागली तेव्हा त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, उभी राहिली आणि सोडून दिला.

मोटारतळावर तो म्हणाला, "दसऱ्याला येईन म्हणतो."

"या," माई म्हणाली. खिडकीतून तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, ती रस्त्याकडे बघत होती.

मोटार गेली. दुकानाशी पायजम्यावालं गिऱ्हाईक उभं होतं. "आज देणार होते तुम्ही," ते म्हणालं. संताजीनं कुलूप उघडलं, कापड काढलं आणि यंत्रावर बसला. बाहेर शुक्रवारचा बाजार भरत होता.