हिराबाईचा दुसरा हात

हिराबाईच्या बांगड्यांचा नाद नेहमी डाव्या बाजूनेच यायचा. कोळ्यांच्या रीतीप्रमाणे उजव्या हातातल्या बांगड्या तिने लग्नातच दर्याला वाहिल्या होत्या, धन्याला सांभाळ म्हणून. पनवेलच्या मासळीबाजारात, सकाळच्या तिरप्या उन्हात, पापलेटांच्या रुपेरी झळाळीपलीकडून तो हिरवा किणकिणाट आला, की माझी पावलं आपोआप तिच्या पाटीकडे वळत.

दर्याने धन्याला सांभाळलं. रस्त्याने मात्र हिला सांभाळलं नाही. एसटी स्टँडसमोर एका टेम्पोखाली तिचा डावा हात कोपरापासून गेला आणि तो नाद कायमचा थांबला.

भरपाईच्या दाव्यात साक्षीच्या दिवशी मी, तिचं जुनं गिऱ्हाईक, तिच्यासोबत होते. विमा कंपनीच्या वकिलाने अगदी मऊ आवाजात विचारलं, "मावशी, धंदा जमतो ना अजून?" गिऱ्हाइकापुढे आपली पाटी कधी हलकी न म्हणणारी बाई ती. ताठ मानेने म्हणाली, "जमते ना! कोयता पायाखाली दाबते नि येकाच हातानं कापते. कुनाच्या दारात नाय गेले." तिचा तो ताठा निकालपत्रात जसाच्या तसा उतरला आणि भरपाई अर्ध्यावर आली.

आम्ही हायकोर्टात अपील केलं. आमच्या वकिलाने बजावलं, "निकाल लागेपर्यंत बाजारात बसायचं नाही. कुणी फोटो काढला तर संपलं." मला त्याचा संताप आला, तो बरोबर बोलत होता याचा अधिक आला. तरी मीच तिची समजूत घातली. बाजारात जागा बसणाऱ्याची असते. तिच्या जागेवर लवकरच दुसरी पाटी आली.

नारळी पौर्णिमा येत राहिली, होड्या दर्यात जात राहिल्या. हिराबाई करंजाड्याला लेकाच्या गॅलरीत, तुटक्या हातावरचा पदर सावरत, मावळतीच्या उन्हाकडे पाहत बसून राहिली. अपिलाचा नंबर काही लागेना.

परवा मी तिच्यासाठी बांगडे घेऊन गेले. जुन्या सवयीने तिने कोयता पायाखाली घेतला. मासा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला; बोटांतून रक्त आलं. तिने शांतपणे कोयता बाजूला सारला.

"वकिलाला सांग गो बाय," ती म्हणाली, "आता खरंच नाय जमत."

पहिला हात टेम्पोने एका क्षणात नेला. दुसरा काळाने नेला, हळूहळू, आमच्याच सांगण्यावरून. त्याचा दावा आता कुणावर लावायचा?