डाव्या हाताची करंगळी

तुम्ही स्वतःच्या बोटांची टोके कधी निरखून पाहिली आहेत का? नसतील, तर जरा उजेडात धरून पाहा. मी दिवसभर दुसरे काहीच पाहत नाही. मी ठशांची पेटी बोलते आहे.

परदेशातून कामासाठी आलेल्या माणसांना राहण्याचा परवाना देणारी एक कचेरी आहे. तिथल्या चौथ्या खिडकीवर माझा मुक्काम. काचेवर बोट टेकले, की मी रेषा वाचते. जुन्या ठशाशी जुळल्या तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. तीनदा लाल लागला, की अर्ज परत. परवान्याची मुदत संपेपर्यंत ठसा जुळलाच नाही, तर त्या माणसाने आपले गाठोडे बांधायचे.

कारखान्यातून खोक्यात बसून आले, तेव्हा मला वाटले होते, सगळी बोटे सारखीच असणार. कसले काय! शिंप्याच्या बोटाला सुईची बारीक टोचणी, भांडी घासणाऱ्याची कातडी भिजून सुरकुतलेली. चेहरा दिसायच्या आधी धंदा ओळखायचा, असा मला चाळाच लागला.

एक कोडे मात्र सुटेना. जो जास्त राबतो, त्याच्याच रेषा झिजतात आणि त्यालाच मी लाल दिवा दाखवते. एक गवंडी असाच चार-पाच वेळा येऊन गेला. सिमेंटने त्याची बोटे गुळगुळीत केली होती. शेवटी त्याला जावे लागले. आमच्याच कचेरीच्या कुंपणाची भिंत तो बांधत होता. ती अजून कमरेइतकीच आहे, आणि कुत्री तिच्यावरून उड्या मारून आत येतात, असे झाडलोट करणाऱ्या मावशी सांगतात.

खिडकीवरचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. फक्त पेटी म्हणेल ती पूर्व दिशा, एवढेच त्यांना ठाऊक.

एकदा एक बाई आली. बोटे कोमट आणि बटणासारखी सपाट. तीनदा लाल.

“बाई, करता काय तुम्ही?”

“इस्त्री, साहेब. मोठ्या तापत्या रुळावर. चादरी.”

“मुदत संपायला नऊ दिवस आहेत. आठ दिवस कामाला हात लावू नका. तेल चोळा. रेषा परत येतात. शेवटच्या दिवशी या.”

“आणि काम? आधी आम्ही चौघी होतो. तिघींचे परवाने गेले. आता मी एकटीच.”

“ते मालक बघेल. तुम्ही तुमचं बघा.”

मला आधी हसू आले, मग आले नाही. काम करते म्हणून राहायची परवानगी, आणि परवानगी हवी तर काम करू नको!

पुढच्या आठवड्यात साहेबांचे आमच्याकडे लक्षच नव्हते. त्यांची आई घरात घसरून पडली होती, खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेले असताना फोन आला. साहेब ओरडलेच, “काय? चादरी नाहीत म्हणून ऑपरेशन नाही? अहो, दवाखाना आहे की चेष्टा?”

मावशींनी केरसुणी टेकवली. “धुलाईखान्यात माणसंच नाहीत म्हणे, साहेब. माझा जावई गेला होता तिथं कामाला, मोठ्या तोऱ्यात. दुपारच्या आत घरी. म्हणाला, कपडे राहिले बाजूला, मलाच इस्त्री झाली!”

साहेब हसले नाहीत. “आईला कूस बदलता येत नाहीये, मावशी.”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती बाई आली. हातांना तेलाचा वास. लाल. साहेबांनी रुमालाने काच पुसली. पुन्हा लाल. रेषांना कोंब फुटले होते, पण जुळण्याइतके नव्हते. मी खोटे कसे बोलू?

“आठ दिवस खरंच हात लावला नाहीत ना?”

“नाही, साहेब. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. रूळ बंदच आहे. मुकादम रोज दारात येऊन ओरडतो, दवाखान्याच्या चादरी ओल्याच पडल्यात म्हणून.”

“कुठल्या दवाखान्याच्या?”

“इथल्याच. मोठ्या.”

मावशींच्या जिभेला हाड नाही. “म्हणजे आईंचं ऑपरेशन तुम्हीच थांबवलंत की हो!”

“नियमांचं पुस्तक कुठंय?” साहेबांनी एकदम विचारले.

“टेबलाच्या पायाखाली. टेबल डुगडुगतं म्हणून तुम्हीच दिलं होतंत.”

साहेबांनी ते ओढून काढले. टेबल कलंडले, मी घसरले, आणि त्या बाईने मला दोन्ही हातांनी धरले. इतक्या वर्षांत मला कोणी पुऱ्या हाताने धरले नव्हते.

पुस्तकात लिहिले होते, की नेहमीचे बोट वाचता आले नाही, तर आधी नोंदवलेल्या दहा बोटांपैकी कोणतेही चालेल. मात्र अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर कारण लिहून सही करावी. ‘जबाबदारी’ या शब्दावर साहेबांचे बोट बराच वेळ थांबले.

“एकच संधी उरलीय,” ते म्हणाले. “कुठलं बोट देता?”

तिने हात उलटेसुलटे करून पाहिले. मग डाव्या हाताची करंगळी पुढे केली. “चादर रुळात सारताना ही वरच राहते. नुसती बघत बसते.”

फणीने नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या रेषा! माझा हिरवा दिवा असा लागला, जणू मी तो इतके दिवस कोंडून ठेवला होता. साहेबांनी कारण लिहिले, “अति कामामुळे ठसे झिजले,” आणि सही ठोकली. परवाना मुठीत धरून ती घरी गेली नाही, तडक धुलाईखान्याकडे धावली.

टेबलाच्या पायाखाली आता मावशींनी फुटक्या फरशीचा तुकडा घातला आहे. चेहरे वाचणारी नवी पेटी येणार आहे, म्हणजे मी अडगळीत जाणार. त्याचे मला काही नाही. फक्त त्या गवंड्याची करंगळी कशी होती, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या जागी जी येईल, तिच्यासमोर बसणाऱ्याला एवढेच सांगा, की तिने नाही म्हटले, तर एकदा माणसालाही विचारून पाहा.

आणि हो, ती बाई धुलाईखान्याकडे धावली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेबांची खुर्ची रिकामी होती. मावशींनी माझी काच पुसली आणि रांगेला सांगितले, “आज चौथी खिडकी बंद. साहेबांच्या आईंना ऑपरेशनला आत नेलंय.”