आख्यानाआधी बसणारा माझा गळा

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पण गळा अजून शाबूत आहे, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. लाकडाची तुकतुकीत पेटी, पुढे सोनेरी जाळी, आत काचेचे आठ व्हॉल्व्ह. ते तापले की माझा हिरवा डोळा उघडतो आणि मगच मी बोलतो. विलायतेत माझे भाग जुळले, मुंबईच्या बंदरात मी उतरलो आणि स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी धुळ्याला, देवपुरात रूपचंद नानांच्या घरी आलो. मृदंगाची थाप मी अशी घुमवायचो की बाहेर ओट्यावर बसलेली माणसं मान डोलवायची.

नानांनी मला आणलं ते आईसाठी. भिकुबाई कीर्तनाच्या भारी वेड्या. त्यांचे धाकटे भाऊ तोतारामबुवा तर गावोगाव कीर्तनं करणारे. पण भिकुबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि देवळात जाणं कायमचं थांबलं. मग देऊळच घरी यावं, म्हणून मी आलो.

आता ज्या पेटीतून हरिनाम येतं ती उघडी-बोडकी कशी ठेवायची? नानांनी मला देवघराशेजारच्या खोल कोनाड्यात बसवलं. पाठ भिंतीला, दोन्ही कुशी भिंतींना. अंगावर जरीकाठी शाल, वर झेंडूचा हार. नानांच्या पत्नी कमलबाई रोज मला गंध लावायच्या. एवढा मान किती रेडिओंना मिळतो, सांगा!

पण कीर्तनाला दोन अंगं असतात. पूर्वरंगात बुवा अभंगाचा अर्थ उलगडतात, उत्तररंगात आख्यान लावतात, म्हणजे गोष्ट सांगतात. माझा पूर्वरंग खणखणीत व्हायचा. आख्यानाला तोंड लागलं की मात्र पोटात असा उकाडा दाटायचा की आवाज घोगरा होई, चरचरे आणि बसे. भिकुबाईंना उपदेश पोटभर मिळाला, गोष्ट एकही नाही.

"देव मले नुसता रागेच भरस," त्या म्हणायच्या. "गोष्ट सांगानी येळ उनी का उठी जास."

मला दुरुस्तीला नेत ते झुलालच्या दुकानात. तो मला पेटीतून काढून फळीवर ठेवी, एखादा व्हॉल्व्ह बदली आणि दिवसभर वाजवी. मी न थकता गायचो. घरी आलो की पुन्हा तेच.

नाना चिडले. "झुलाल, तुना दुकानमा गास, मना घरमा मुका! काय मंतर टाकस रे तू?"

"नाना, मना दुकानमा कोनी त्याना पाया पडत नही," झुलाल हसला, "म्हनीसन तो गास."

नानांना ते झोंबलं. रेडिओला दृष्ट लागली असेल, असं त्यांनी ठरवलं. घरी येऊन मीठमोहऱ्या उतरवल्या आणि माझ्या अंगावर दुसरी शाल घातली.

अशात वैशाखात निरोप आला. तोतारामबुवांचं कीर्तन मुंबई केंद्रावरून होणार! भिकुबाईंनी पाच वर्षांत भावाचा आवाज ऐकला नव्हता. त्यांचं एकच म्हणणं होतं, "मले त्यानं आख्यान ऐकाले भेटाले जोयजे."

दिवेलागणीला घर माणसांनी भरलं, दुकान बंद करून झुलालही आला. भिंती दिवसभराच्या उन्हाने अजून धगधगत होत्या. बुवांचा आवाज आला आणि भिकुबाईंनी हात जोडले. पूर्वरंग संपला. आख्यानाचं पहिलं वाक्य निघालं आणि माझा गळा घरघरला.

"उना ना रोग!" नाना कपाळ धरून म्हणाले.

कमलबाई हार सारखा करायला पुढे झाल्या. हात शालीखाली गेला आणि चटका बसला. त्यांचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांचं.

"अहो, ही तर आमची घड पिकवायची खोली झाली! दार बंद, वारा बंद, वरून पाला. यात केळी पिकते, गळा नाही गात!" आणि त्यांनी दोन्ही शाली ओढून काढल्या.

"अवं, देवनं वस्त्र शे ते!" नाना ओरडले.

भिकुबाई खाटेवरून गरजल्या, "मना भाऊ तापी ऱ्हायना! वारा घाला त्याले!"

मग नाना उठले. त्यांनी स्वतः मला कोनाड्यातून बाहेर ओढलं. माझी पाठ मोकळी झाली. देवाला वारा घालायचा पंखा घेऊन झुलाल माझ्यामागे उभा राहिला. हळूहळू पोटातली धग उतरली, चरचर विरली, आणि बुवांचा आवाज माझ्यातून स्वच्छ, भरदार वाहू लागला. आख्यान शेवटाला आलं तेव्हा बुवा थांबून म्हणाले, "ही ओवी मला गुरूंनी दिली नाही. देवपूरला माझी अक्का आहे. दळताना तिनं म्हटलेली ही ओवी मी तिच्या मांडीवर ऐकली."

बुवा गाऊ लागले. पहिल्या ओळीला भिकुबाई नुसत्या रडत होत्या. दुसरी त्यांनी भावाबरोबर म्हटली.

मित्रांनो, त्यानंतर मी शेकडो कीर्तनं पोचवली आहेत, तीही आख्यानासकट. माझी पाठ भिंतीपासून हातभर दूर असते आणि अंगावर चिंधीसुद्धा नसते. तुमच्या घरी माझं भावंड असेल तर त्याचीही धूळ पुसा, त्याला वारा लागू द्या, त्याच्यावर काही पांघरू नका. आमची पूजा एवढीच.

त्या संध्याकाळी आरती झाली. नाना पुढचा कार्यक्रम लावायला आले, तर भिकुबाईंनी त्यांचा हात धरला.

"आते बंद कर त्याले," त्या म्हणाल्या. "थकना व्हई तो."