शिरूरच्या शाळेची भिंत

"आणखी वर, दस्तगीर! म्हशीला शिंगं तिथून फुटत असतात व्हय?"

दस्तगीरनं शिडीवरून खाली बघितलं. "गुरू, मला अक्षरं येतात. म्हैस न्हाई येत."

गुरुपादप्पा चित्रं काढायचा आणि दस्तगीर अक्षरं. लातुरातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या या जोडीनंच रंगवलेल्या. लातूर आता जिल्हा होणार होता. शिरूर अनंतपाळच्या संगप्पा सरपंचानं त्यासाठी दोघांना शाळेची लांबलचक भिंत रंगवायला दिली होती. पंधरा ऑगस्टच्या झेंड्याआधी तिच्यावर नवा जिल्हा दिसायला हवा होता. पण हिवाळ्यात गुरुपादप्पाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, हात लुळा पडला, हे सरपंचाला ठाऊक नव्हतं. आता तो स्टुलावर बसून सांगत होता, दस्तगीर काढत होता, आणि म्हैस काही केल्या म्हैस होत नव्हती.

पावसाळा निम्मा सरला तरी आभाळ कोरडंच होतं. दुष्काळी कामावर खडी फोडून परतणाऱ्या बाया भिंतीशी थबकल्या. त्यांतली विठाबाई फसकन हसली.

"हे काय, गाढव हाय का?"

"मग तूच काढ की!" चिडलेल्या दस्तगीरनं कोळसा पुढं केला.

विठाबाईनं घमेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि चार फटकाऱ्यांत म्हैस उभी केली. पोट खपाटीला गेलेली, मान वळवून बघणारी.

गुरुपादप्पा धडपडत उठला. "दस्तगीर, अरे सगळ्यांनाच दे कोळसा! जिल्हा ह्यांचा हाय, ह्यांनाच काढू दे!"

"आन् सरपंच?"

"त्यालाबी दे!"

मग भिंतीपुढं रोज गर्दी. कुणी गेरू आणला, कुणी नीळ, कुणी तव्याची काजळी. रंग कालवायला पाणी नव्हतं, तर टँकरवरून परतताना बाया घागरीतलं ओंजळभर पाणी डब्यात ओतून जायच्या. काठी टेकत गुरुपादप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरायचा, "ते झाड एकटं पडलंय! कुणीतरी माणूस काढा त्याच्याजवळ!" दस्तगीर मागून एकेका चित्राला रस्त्यानं जोडत जायचा आणि खाली काढणाऱ्याचं नाव घालायचा.

संगप्पा आला, भुवया चढवून बघत राहिला. "ह्यो जिल्हा हाय?"

"तुमी काढला की पुरा होईल," दस्तगीर म्हणाला.

सरपंचानं आजूबाजूला पाहिलं, कोळसा घेतला आणि चाऱ्यावाचून उन्हाळ्यात विकलेली आपली बैलजोडी काढली. शिंगांना गोंडेसुद्धा लावले.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी लोक झेंड्यासाठी जमले, तेव्हा भिंतीवर कोपरा तेवढा मोकळा होता.

"अप्पा, तुमचं चित्र कुठं हाय?" विठाबाईनं गुरुपादप्पाला विचारलं.

"माझा हात गेला, बाई."

"दुसरा हाय की."

गुरुपादप्पा हसला नाही. काठी भिंतीला टेकवून त्यानं डाव्या हातात कोळसा धरला. विहीर काढू लागला, काठोकाठ भरलेली. गोल वाकडा गेला, थांबला, पुन्हा सरकला. दस्तगीरचा हात आपसूक पुढं गेला, पण त्यानं तो मागं घेतला. गोलाची दोन टोकं शेवटपर्यंत जुळली नाहीत.

"निळा," गुरुपादप्पा म्हणाला.

दस्तगीर डबा घेऊन त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला.