भिंतीकडे तोंड करून बोललेली नऊ वर्षं

मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे अगदीच डबडं नव्हे हं, मित्रांनो. माझा पडदा अजून शाबूत आहे, रंग चांगले दिसतात आणि बटण दाबल्यावर मी मुकाट्याने सुरू होतो. पण नऊ वर्षं एका भिंतीवर काढली की आपल्याला जुनं म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कारखान्यात आम्ही शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत आलो. सगळ्यांना बारीक करायचं असं तिथे कुणीतरी मनावर घेतलं होतं. पाठ सपाट, कडा बोटभर, वजन हलकं. एवढ्याशा अंगात आवाजाला जागा कुठून राहणार? मग माझे दोन बारके स्पीकर मागच्या बाजूला, मागेच तोंड करून कोंबले. खोक्यावर मात्र 'दमदार आवाज' असं छापलं. मी ते वाचलं तेव्हाच मला लाज वाटली होती.

या घरात आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. मला भिंतीवर बसवायला आलेल्या माणसाने चार स्क्रू इतके घट्ट पिळले, की आजतागायत मी तसूभर हललेलो नाही. त्यानेच माझ्या पाठीवरच्या तीन खाचांपैकी वरच्या खाचेत सेट-टॉप बॉक्सची वायर घातली. हाताला आली त्या खाचेत घातली आणि चहा पिऊन गेला. बिचाऱ्याला काय ठाऊक, त्याने पुढे किती घोळ घातला ते.

घरात माणसं तीन. आजोबा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा शाळेची बस चालवतो. सूनबाई घरीच शिवणकाम करते. खिडकीपाशी तिचं मशीन आहे. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर वेचून ओळी तयार करायचे. छपाईचं यंत्र त्यांच्या शेजारीच धडधडायचं. चाळीस वर्षं त्या धडधडीत काढल्यावर कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं.

आणि अशा माणसाच्या नशिबी मी आलो. मी बोलायचो भिंतीशी. भिंतीला सगळं नीट ऐकू जायचं. खोलीत मात्र नुसतं पुटपुटणं पोचायचं. आजोबा आवाज वाढवायचे. चाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस. मग माझे स्पीकर फाटल्यासारखे करायचे, सूनबाईचं डोकं दुखायचं, आणि मुलगा दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला असायचा. तो रिमोट घेऊन आवाज वीसवर आणायचा. आजोबा मग माझ्या पडद्यावरच्या माणसांचे ओठ बघत बसायचे. त्यांना ओठांवरून बरंच समजायचं, हे घरात फक्त मला कळलं होतं, कारण ते माझ्याकडेच बघत असायचे ना. बाकीचे हसले की तेही हसायचे.

एके दिवशी जेवताना मुलाने विषय काढला. नवा मोठा टीव्ही घ्यायचा. "हा जुना मागच्या खोलीत लावून देऊ, बाबांच्या पलंगासमोर. त्यांना हवा तेवढा मोठ्याने लावू दे. आपणही सुटलो, तेही सुटले."

माझे धाबे दणाणले. मागच्या खोलीत आजोबांचा पलंग, शिलाईच्या चिंध्यांची पोती, मोडकी खुर्ची आणि एक झडपेएवढी खिडकी आहे. तिथे कोण कुणाशी बोलणार?

मुलगा आजोबांकडे वळून म्हणाला, "चालेल ना बाबा, मागच्या खोलीत?"

आजोबांनी मान डोलावली.

मी शपथेवर सांगतो मित्रांनो, त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. मुलाच्या तोंडात घास होता. असे ओठ कुणाला वाचता येणार? पण होकार मिळाला असं सगळ्यांनी धरलं, आणि हलवाहलव पुढच्या रविवारी ठरली. मी मूग गिळून बसलो. दुसरं करतो काय?

सूनबाईला मात्र ते पटलेलं दिसत नव्हतं. दोन दिवस ती मशीनवर बसून विचार करत होती. मग म्हणाली, "एवढा महाग टीव्ही घेण्याआधी साउंडबार लावून बघू. पडदा चांगला आहे ह्याचा. अडचण आवाजाची आहे."

मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. स्क्रू आड आले.

शिवणाऱ्या बाईला माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तिने गळ्यातली टेप काढून माझी रुंदी घेतली, खालच्या कपाटाची लांबी घेतली, कपाटापासून माझ्या खालच्या कडेपर्यंत किती बोटं ते मोजलं. तिथे माझा एक बारका डोळा आहे, रिमोटचं ऐकणारा. तो झाकला गेला तर पंचाईत. सगळं चिठ्ठीवर लिहून ती दुकानात गेली आणि आल्यावर नवऱ्याला हसत हसत सांगू लागली. दुकानदाराने म्हणे एकेक साउंडबार लावून धडामधूम गाणी ऐकवली. ही म्हणाली, मला बातम्या लावून दाखवा. तो म्हणाला, ताई, बातम्यांसाठी कुणी साउंडबार घेतं का? ही म्हणाली, मी घेते. वेगळा धमधम करणारा डबा असलेला त्याने पुढे केला, तो तिने नको म्हटला. माणसांचं बोलणं स्वच्छ करणारं बटण असलेला एक लांबट, काळा साउंडबार तिने निवडला. आठ दिवसांत परत करता येईल असं कबूल करून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी तो माझ्या पायथ्याशी येऊन बसला. तोंड थेट खोलीकडे. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मुलाने वायर घेतली आणि माझ्या पाठीमागे हात घातला. चाचपून एक रिकामी खाच सापडली. त्यात वायर घातली. साउंडबार गप्प. मग दुसऱ्या रिकाम्या खाचेत घातली. तरी गप्प. मला तर ठाऊक होतं हो, की आवाज बाहेर पाठवणारी खाच माझ्याकडे एकच आहे आणि तिच्यात नऊ वर्षांपासून सेट-टॉप बॉक्स ठाण मांडून बसलाय. पण मी दिवसभर जगाचं बोलतो आणि स्वतःचं एक वाक्य बोलू शकत नाही. कपाळ असतं तर हात मारून घेतला असता.

"वायरचं राहू दे, बिनतारी जोडतो," मुलगा म्हणाला. ते जमलं. साउंडबार बोलू लागला. पण मी चित्र दाखवून मोकळा व्हायचो आणि तो मागाहून शब्द आणायचा. ओठ आधी, बोलणं नंतर. मुलगा म्हणाला, "एवढं काय, चालतंय."

आजोबांचं मात्र चालेना. ओठ बघून जे काही हाती लागायचं, तेही गेलं. पाच मिनिटं त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग उठले. "तुमचं चालू द्या," असं म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसले, आपण होऊन.

मुलगा वैतागला. "काही उपयोग नाही. उद्या हे परत करू आणि ठरल्याप्रमाणे टीव्ही हलवू."

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

रविवारी सकाळी मुलगा स्क्रूड्रायव्हर आणि शिडी आणायला शेजारी गेला. सूनबाईने साउंडबारची पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की वायर अमुकच अक्षरं असलेल्या खाचेत घालावी. अक्षरं माझ्या पाठीवर होती, आणि पाठ भिंतीला. फटीत फोन घालून फोटो काढला तर नुसता उजेड चमकला. मग तिने पावडरच्या डबीचा गोल आरसा आणला, एका हाताने तो फटीत सरकवला, दुसऱ्या हातात बॅटरी धरली आणि मान वाकडी करून बघू लागली. आरशात अक्षरं दिसली, पण उलटी आणि मुंगीएवढी. तिच्या नाकी नऊ आले.

आजोबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. सुनेची ती कसरत पाहून उठले. तिने पुस्तिकेतल्या अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि आरशात डोकावले.

"हे तर सरळच आहे की," ते म्हणाले. आणि वरून खाली घडाघडा वाचू लागले. "एचडीएमआय एक. त्याखाली दोन. त्याखाली तीन. एकच्या पुढे बारीक टाइपात आणखी काही आहे. ए, आर, सी. हेच ना तुझं?"

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या समोर येऊन, सावकाश म्हणाली, "बाबा, उलटं कसं वाचलंत?"

"अगं, खिळे उलटेच असतात. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही लिप्यांचे. चाळीस वर्षं मी उलटंच वाचलं. सरळ वाचायला मला वेळ लागतो." आणि पुन्हा आरशात बघून म्हणाले, "पण ह्या एकमध्ये आधीच कुणीतरी बसलंय."

हुश्श. नऊ वर्षांनी कुणीतरी माझी पाठ वाचली.

त्यांनी स्वतः आरसा धरला, तिने बॉक्सची वायर काढून दोनमध्ये घातली आणि साउंडबारची एकमध्ये. मग माझ्या सेटिंगच्या यादीत शिरून तिने माझे स्वतःचे स्पीकर बंद केले. नऊ वर्षांचा माझा आवाज, गेला. आणि मग इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! जे काम मला कधी धड जमलंच नाही, ते माझ्याकडून कुणीतरी काढून घेतलं होतं.

तिने बोलणं स्वच्छ करणारं बटण दाबलं. पडद्यावर एक वकील साक्षीदाराला हळू आवाजात काही विचारत होता. ओठ आणि शब्द अगदी बरोबर. आवाज फक्त सोळा. आजोबा खुर्चीत पुढे सरकले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "खोटं बोलतोय हा साक्षीदार. आत्ताच म्हणाला घरी होतो, आणि आता म्हणतो पाहुणा आला तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं."

शिडी घेऊन आलेला मुलगा दारातच थांबला. त्याचे बाबा कितीतरी वर्षांनी टीव्हीशी भांडत होते. तो खुशीत आला आणि शिडी भिंतीला टेकवून मोठ्याने म्हणाला, "बाबा, मग आता टीव्ही बघायला मागच्या खोलीत जायचं रद्द करू या ना?"

"मागच्या खोलीत कोण जातंय?"

"तुम्हीच. त्या दिवशी जेवताना हो म्हणालात की."

आजोबा म्हणाले, "मान हलवली असेन. मला ऐकू आलं नव्हतं रे."

"मग सांगायचं ना तेव्हाच."

"दर वेळी 'काय, काय' म्हणून किती विचारायचं? तुमच्या कपाळावर आठी पडते. ती मला लांबून दिसते."

मुलाने रिमोट घेऊन मला बंद केलं. स्टूल ओढून तो आजोबांच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि सावकाश विचारलं, "बाबा, तुम्हाला मागच्या खोलीत टीव्ही लावून द्यायचा माझा विचार होता. तुम्हाला काय वाटतं?"

आजोबा म्हणाले, "मला नाही जायचं."

"मग नाही जायचं."

माझा जीव भांड्यात पडला. सूनबाईने डोळ्याला पदर लावला आणि पुस्तिका नीट मिटून ठेवली. सोमवारी मुलगा बस लावून आला आणि आजोबांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. साउंडबार म्हणजे काही कानाचं औषध नव्हे, हे त्या दोघांनाही कळत होतं.

मी आहे तिथेच आहे, मित्रांनो, चार स्क्रूंवर. मला पुसताना कोरडं, मऊ फडकं घ्या, ओलं नको. वायर ओढून काढू नका. मात्र तुमच्या घरात कुणी नुसतीच मान डोलावत असेल, तर आधी मला बंद करा. समोर जाऊन बसा आणि पुन्हा एकदा विचारा. माझी काळजी करू नका, मी थांबेन.