डावा पाय

“यंदा बारा जणांत तुमच्या मिस्टरांना नको,” पाळकसाहेबांनी दारातूनच सांगितलं. “लोकांना वास सहन होत नाही. समजून घ्या, ताई.”

वास काय असतो ते मला कुणी शिकवू नये. इस्पितळात बावीस वर्षं आयाचं काम केलंय. शुगरनं नवऱ्याचा डावा पाय सडत चालला होता आणि पट्टी बदलताना मलाही ढवळून यायचं.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब वर्षातून एकदा चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. बाराही जण घरूनच साबणानं पाय घासून, नखं कापून येतात. धुवायला काही उरतच नाही. नवरा पंपदुरुस्तीवाला, अंगाचं ग्रीस काढून गेली अठरा वर्षं तिथं बसायचा. आठवडाभर एकच विचारत होता, “कुणी बोलवायला आलं का गं?”

“दुःखालाही अर्थ असतो,” पाळकसाहेब म्हणाले. “देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं, त्यालाच तो...”

“मग आत या आणि धुवा,” मी म्हटलं.

नाइलाजानं आले. खांद्यावर चर्चमधल्या विधीसाठीचा टॉवेल तसाच होता. मी कोमट पाण्याची परात ठेवली, पट्टी सोडली. त्यांनी उजवा पाय छान चोळून धुतला. डाव्यावर लांबूनच चार थेंब शिंपडले, प्रार्थना उरकली आणि नाकाला रुमाल लावून निघाले. चर्चचा पांढराशुभ्र टॉवेल इथंच विसरले.

“शी,” मी म्हटलं. “या माणसाचीच किळस येते मला.”

“त्यांच्यावर कशाला चिडतेस?” नवरा म्हणाला. “तुला माझ्या पायाची येत नाही?”

“येते. रोज येते. नंतर घास उतरत नाही.”

“ठाऊक आहे मला. श्वास रोखून धरतेस. तरी धुतेस ना. अठरा वर्षं तिथं बसलो, पण घाण पाय धुतलेला मी याच घरात पाहिला.”

मी पाणी बदललं, हातमोजे चढवले, श्वास रोखला आणि टाच हातात घेतली. उमासा आला, तो गिळला. मग तो टॉवेल दुमडून टाचेखाली ठेवला.

रविवारी चर्चचे सेक्रेटरी टॉवेल मागायला आले. तो दोरीवर वाळत होता. दोनदा उकळला तरी मधला पिवळा डाग गेला नव्हता.

“नाही मिळायचा,” मी म्हटलं. “तो आता कामाला लागलाय.”

आणि आत गेले. पट्टी बदलायची वेळ झाली होती.